शिलेदाराचा घोडा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'शिलेदार' हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. कुठल्याही पुढाऱ्याचे चार कार्यकर्ते त्याचे शिलेदार असतात. क्रिकेटच्या कर्णधाराचे शिलेदार असतात. साखर कारखान्याच्या निवडणुकीत तर दोन्ही पॅनेलचे शिलेदार एकमेकांसमोर उभे ठाकतात. मूळ शब्द मात्र पैशाअडक्याचा, भांडवलाचा आहे. फौजेतून परत आलेला माणूस स्वतःचा धंदा काढतो, तेव्हा काय होतं, यावर मला आज बोलायचं आहे आणि त्यासाठी मला याच शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते.

शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. 'सिलाह' म्हणजे शस्त्र. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या दप्तरात आलेला हा शब्द. दुसरा स्वार तो बारगीर. त्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, हे सभासदाच्या बखरीत आलं आहे. 'हवालदार' हा हुद्दा फौजेत आजही तसाच आहे. महाराजांचा भर पागेवर होता आणि त्याचं कारण उघड आहे. घोडा सरकारचा, तर स्वारही सरकारच्या मुठीत. शिलेदाराचं तसं नव्हतं. त्याला मोबदला जास्त, पण जोखीमही त्याचीच. लढाईत घोडा पडला की त्याचं भांडवल पडलं. नवा घोडा घेण्याची ऐपत नसेल तर कालचा शिलेदार उद्या दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर होई. (बंगालात मराठी स्वारांना 'बर्गी' म्हणत, तो हाच बारगीर. म्हणजे तिकडे नाव राहिलं ते बिनघोड्याच्या माणसाचं.)

इंग्रज आले तेव्हा त्यांना ही पद्धत आयतीच सापडली. ती स्वस्त होती, म्हणून त्यांनी ती उचलली आणि तिचं इंग्रजी नावही 'सिल्लादार' असंच ठेवलं. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ मध्ये, पुण्यात उभं राहिलेलं घोडदळ, जे पुढे 'पूना हॉर्स' म्हणून प्रसिद्ध झालं, ते याच पद्धतीचं. पलटणीत भरती होताना स्वार काही शे रुपये भरायचा. त्या रकमेला 'असामी' म्हणत. त्या पैशातून त्याचा घोडा, खोगीर, कपडे यांची व्यवस्था व्हायची. सरकार बंदूक आणि दारूगोळा देई, वर महिन्याचा पगार. बाकी सगळं स्वाराचं. ज्याच्याकडे रोकड नसे, तो घरची जमीन गहाण टाकून नाहीतर भावकीकडून उसने घेऊन असामी भरी. काही मातब्बर तर पाच-सहा असाम्या बाळगून असत आणि त्यांवर आपले बारगीर बसवत.

मला यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की नोकरी संपली की असामीची रक्कम परत मिळे. स्वार गावी यायचा तो हातात एकरकमी पैसा घेऊन. दुसरी गोष्ट 'चंदा'. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून थोडी रक्कम कापून एका निधीत टाकली जाई आणि कुणाचा घोडा मेला तर त्या निधीतून त्याला नवा मिळायला मदत होई. आपण मशिदीला, उरुसाला, गणपतीला जो चंदा देतो, तोच हा शब्द. विमा कंपन्या गावोगाव पोचण्याच्या कितीतरी आधी घोडेस्वारांनी आपसात विमा उतरवला होता. भांडवल एकट्याचं आणि नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं, असा तो हिशेब. कुठल्याही छोट्या धंद्याला लागतं ते एवढंच.

पहिल्या महायुद्धानं ही पद्धत मोडली. फ्रान्सच्या चिखलात घोडे इतक्या वेगानं जायला लागले, की कुठलाही चंदा त्यांना पुरा पडेना. युद्ध संपल्यावर, १९२१ च्या सुमारास घोडदळाची फेररचना झाली आणि सिल्लादारी बंद झाली. त्यानंतर हिंदुस्थानच्या फौजेत सगळेच बारगीर. घोडा सरकारचा, बूट सरकारचे, आणि परत येताना हातात पेन्शनचा कागद.

पायदळाचं तर पूर्वीपासून असंच होतं. कोकणातला दापोलीचा कँप घ्या. मुंबई इलाख्याच्या फौजेतले पेन्शनर तिथं वस्ती करून राहत. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त होऊन तिथंच आले. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, मध्य प्रदेशातल्या महूहून निवृत्त होऊन प्रथम दापोलीलाच गेले. सुभेदार म्हणजे हिंदी माणसाला तेव्हा मिळू शकणाऱ्या सर्वांत वरच्या हुद्द्यांपैकी एक. लष्करी शाळेत शिकवलेला, वाचनवेडा माणूस. तरी घर चालवण्यासाठी त्यांना पुढे साताऱ्याकडे बांधकाम खात्यात भांडाराची नोकरी धरावी लागली. जातीनं तर दार बंद केलं होतंच. दापोलीत महार पेन्शनरानं दुकान मांडलं असतं तर त्याच्याकडून माल कोण घेणार होतं? माजी सैनिकानं धंदा का केला नाही, असं विचारताना हा प्रश्न आपण बहुतेक वेळा वगळतो. धंद्याला भांडवल लागतं, तसं गिऱ्हाईकही लागतं आणि गिऱ्हाईक वर्दीकडे बघत नाही.

पंजाबात इंग्रजांनी वेगळा मार्ग काढला. चिनाब, झेलमचे कालवे काढून ओसाड जमीन भिजवली आणि निवृत्त फौजींना जमिनीचे तुकडे दिले. त्या तुकड्याला तिथं 'मुरब्बा' म्हणत. खायचा नव्हे, पण गोडी तशीच. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या नावानं इंग्रज सरकारनं तिथं स्मारकाचा दगड बसवला. पंजाबला मुरब्बा, अपशिंग्याला दगड. मी हे कडवटपणानं म्हणत नाही. कालवा काढण्याजोगी सपाट, मोकळी जमीन आपल्या डोंगरात नव्हती, हेही खरंच.

मग १९४५ साल आलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज २५ लाखांच्या घरात गेली होती आणि सगळे स्वखुशीनं भरती झालेले. युद्ध संपताच यातले बहुतेक घरी पाठवायचे होते. ड्रायव्हर, फिटर, वायरलेसवाले, नर्सिंग करणारे, स्वयंपाकी. नांगर सोडून गेलेली पोरं परत आली ती इंजीन उघडून जोडायला शिकून. यांचं करायचं काय, या चिंतेतून सरकारनं जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार यांचं एक संचालनालय उघडलं आणि त्याच्या हाताखाली गावोगाव कचेऱ्या काढल्या. त्याच आपल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज! १९४८ मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या झाल्या, १९५६ मध्ये राज्यांकडे आल्या.

मी १९९१ मध्ये बीए झालो. त्यानंतर पाच-सहा वर्षं जिल्ह्याच्या त्या कचेरीत कार्डाचं नूतनीकरण करायला रांगेत उभा राहिलो. ही रांग मुळात महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी लावली होती, हे मला कितीतरी नंतर वाचनात कळलं. मला कॉल कधी आला नाही. पण मुद्दा माझा नाही. पंचवीस लाखांची फौज मोकळी करताना सरकारला सुचलेला मुख्य उपाय नोकरीचं कार्ड हा होता, हे ध्यानात घ्या. इंजीन उघडता येणाऱ्या माणसाला तू गॅरेज काढ, असं सांगणारी कचेरी कुणी काढली नाही.

म्हणजे पैसा नव्हता का? होता. १९४२ पासून 'युद्धोत्तर सेवा पुनर्रचना निधी' नावाची रक्कम सैनिकांच्या नावानं साठत होती. फाळणीत तीही वाटली गेली. पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या पैशातून, तो सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये होता, १९५४ मध्ये तिथं 'फौजी फाउंडेशन' निघालं. आधी कापड गिरणी, मग साखर, खत, सिमेंट. आज ती तिथल्या मोठ्या उद्योगसमूहांपैकी एक आहे. यात धंदेवाला झाली ती संस्था. सैनिक तिचा लाभार्थी किंवा नोकर राहिला. भारतात तो निधी राज्याराज्यांत माजी सैनिकांच्या कल्याणासाठी वाटला गेला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, औषधपाणी, अडीअडचणीला मदत. आपल्याकडे फौज सिमेंट विकत नाही, याचं मला एक नागरिक म्हणून समाधानच वाटतं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच राहिली. ज्याच्या नावानं पैसा साठला, त्याच्या हाती स्वतःचा घोडा काही आला नाही.

काहींनी तो स्वतःच मिळवला. युद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्या घेऊन मालवाहतुकीत पडलेले फौजी ड्रायव्हर उत्तरेत बरेच होते. रस्त्यावरच्या धंद्यात वर्दीतून आलेला माणूस शोभतो. त्याला रात्रीची, एकटेपणाची आणि घाटाची भीती नसते. पण पुढे परमिटचं राज्य आलं आणि ट्रक असून भागेना, कागद लागायला लागला.

त्या कागदाभोवतीच मग माजी सैनिकांच्या धंद्याचा पुढचा इतिहास फिरला. पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सीत संरक्षण दलांच्या कोट्याला ८ टक्के. कोळसा खाणींत कोळसा भरण्या-वाहण्याची कंत्राटं. दिल्लीत मदर डेअरीचे दूध बूथ माजी सैनिकांच्या हाती दिले गेले. त्यातला दूध बूथ मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. जागा तयार, यंत्र तयार, माल रोज पहाटे दारात, भाव ठरलेला. माणसाकडून अपेक्षा एवढीच, की त्यानं पहाटे चारला उठावं आणि मापात पाणी घालू नये. या दोन्ही गोष्टी जवानाला शिकवाव्या लागत नाहीत. पेट्रोल पंपाचं मात्र तसं नाही. तिथं जमीन लागते, लाखोंचं खेळतं भांडवल लागतं. शहिदाच्या बायकोच्या नावावर पंप आणि गल्ल्यावर तिसराच कुणी, असे प्रकार आपल्यापैकी अनेकांनी हमरस्त्यावर पाहिले असतील. कागद तिचा, घोडा दुसऱ्याचा.

आणि सगळ्यांत मोठा धंदा म्हणजे पहारा. १९९१ नंतर कारखाने वाढले, मॉल आले, एटीएम आली आणि प्रत्येक दाराशी एक निळ्या नाहीतर करड्या कपड्यातला माणूस उभा राहिला. २००५ मध्ये खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा झाला, त्यात फौजेतून आलेल्यांना पसंती देण्याची तरतूद आहे. अधिकारी एजन्सी काढतो, हवालदार सुपरवायझर होतो, शिपाई दारावर बसतो. म्हणजे पलटणीतली उतरंड जशीच्या तशी बाजारात. यात पोट भरतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तोफखान्यात गणित करून गोळा टाकणारा, सिग्नलमध्ये डोंगरावरून संदेश धाडणारा माणूस पस्तिशीत परत येतो आणि आपण त्याला बंगल्याच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवतो. सतरा वर्षांत त्याच्या हाताला जे लागलं, त्यातलं एक शतांशही आपण घेत नाही. हा मला त्याच्याइतकाच गावाचाही तोटा वाटतो.

आमच्या पट्ट्यात, सातारा-सांगली-कोल्हापुरात, आणखी एक धंदा उगवला आहे. भरतीपूर्व अकॅडमी. माजी सुभेदार नाहीतर हवालदार माळावर चार खोल्या बांधतो, पोरांना पहाटे पळवतो, दोरीवर चढवतो, रात्री गणित शिकवतो. खऱ्या अर्थानं स्वतःचा घोडा असलेला हा धंदा आहे, कारण भांडवल म्हणजे त्याचं स्वतःचं शरीर आणि आठवण. गंमत एवढीच, की त्याच्या दुकानात विकायला एकच माल आहे, आणि तो म्हणजे तो जिथून आला ती जागा. कोरोनात सैन्यभरतीच बंद पडली, तेव्हा या अकॅडम्यांची जी अवस्था झाली ती माळावरून जाताना दिसत होती.

आता ज्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, अशा दोघांकडे वळू. कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर आणि कॅप्टन जी. आर. गोपीनाथ. माजी सैनिकांच्या मेळाव्यात भाषण करणारा प्रत्येक पाहुणा ही दोन नावं घेतो आणि जवान टाळ्या वाजवतात.

कृष्णन नायर केरळातल्या कण्णूरचे. फौजेत वायरलेसचं काम केलं, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला राजीनामा दिला आणि सासऱ्यांच्या हातमागाच्या धंद्यात शिरले. त्यांच्या नावावर एक किस्सा सांगितला जातो. १९५८ च्या सुमारास मद्रासी चौकड्याचं कापड अमेरिकेला गेलं आणि धुतल्यावर रंग सोडायला लागलं. खटल्याची वेळ आली. त्यावर तोडगा निघाला तो असा, की हे कापड रंग सोडतंच, दर धुण्याला नवं दिसतं, हाच त्याचा गुण आहे, अशी जाहिरात करायची. कापड तडाखेबंद खपलं. 'ब्लीडिंग मद्रास' हे नाव कापडाच्या धंद्यात कायमचं झालं. मुंबईत सहारला विमानतळाजवळ त्यांनी पत्नीच्या नावानं 'लीला' हॉटेल काढलं ते साठी ओलांडल्यावर. २०१४ मध्ये ते गेले. पुढे कर्जाच्या ओझ्यानं हॉटेलं २०१९ मध्ये परदेशी कंपनीकडे गेली.

गोपीनाथ कर्नाटकातल्या हासनचे. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकले, १९७१ च्या युद्धात होते, आठेक वर्षांनी फौज सोडली. घरची जमीन हेमावती धरणात गेली होती आणि मोबदल्यात मिळालेली जमीन माळरान होती. तिथं तंबू ठोकून राहिले. नारळ, रेशीम, गुरं, मोटारसायकलची एजन्सी, खाणावळ; जे जमेल ते केलं, पुष्कळदा फसले. १९९७ मध्ये फौजेतल्याच एका वैमानिक मित्राबरोबर हेलिकॉप्टरची कंपनी आणि ऑगस्ट २००३ मध्ये 'एअर डेक्कन'. एक रुपयाचं तिकीट आठवत असेल. २००७-०८ मध्ये ती कंपनी मल्ल्यांच्या किंगफिशरमध्ये गेली आणि नाव पुसलं गेलं. त्यांच्या आयुष्यावरून तमिळ चित्रपट निघाला २०२० मध्ये, आणि २०२४ मध्ये हिंदीत 'सरफिरा' आला, त्यात तर नायकाला म्हात्रे आडनाव देऊन मराठीच करून टाकलं!

दोघंही मोठी माणसं. पण मेळाव्यात टाळ्या वाजवणाऱ्या नाईक-हवालदाराला कुणीतरी उरलेलं अर्धंही सांगावं. दोघं अधिकारी होते, इंग्रजी बोलणारे. एकाच्या मागे सासऱ्याचे माग होते, दुसऱ्याच्या पायाखाली माळरान का होईना, पण स्वतःची जमीन होती. म्हणजे घोडा होता. आणि दोघांचेही घोडे शेवटी दुसऱ्याच्या पागेत गेले. अपयश हा त्या गोष्टीचाच भाग आहे. ते सोसायला मागं काहीतरी लागतं.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं उदाहरण याहून फार लहान आहे. माझे चाचा १९६७ मध्ये फौजेत गेले, ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात. सतरा वर्षं काढून १९८४ मध्ये हवालदार होऊन आले, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते आणि घरात तीन मुलं. कृष्णाकाठचं आमचं तालुक्याचं गाव उसाचं. विहिरीवर, नदीवर पाण्याच्या मोटारी आणि विजेचा दाब कधी सरळ नाही. रोज कुणाची तरी मोटार जळायची. जळलेली मोटार भरायला, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायला, सांगलीला न्यावी लागे. चाचांना ते काम येत होतं. कर्ज मागायला ते एका बँकेत गेले, तर साहेबांनी त्यांचा डिस्चार्जचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि आमच्याकडे वॉचमनची जागा आहे, करणार का, असं विचारलं. चाचा उठून आले. पेन्शनचा काही हिस्सा विकून एकरकमी पैसे मिळतात, ते घेतले आणि बसस्टँडच्या मागं दहा बाय बाराच्या गाळ्यात दुकान काढलं.

पहिली दोन वर्षं दुकान पाहण्यासारखं होतं. सकाळी सहाला शटर वर. आलेल्या प्रत्येक मोटारीला पत्र्याचा बिल्ला आणि नंबर. तारेचा गेज, वेढे, वार्निश दिलं ती तारीख, सगळं रजिस्टरात. काम एक नंबर. सांगलीहून भरून आणलेली मोटार सहा महिने चालायची, चाचांची दोन हंगाम. तरी दुसऱ्या दिवाळीला तांब्याची तार आणायला पैसे नव्हते. कारण उधारी! शेतकरी म्हणायचा, कारखान्याचं बिल आलं की देतो. चाचा म्हणायचे, ठीक. फौजेत सामान लागलं की इंडेंट भरायचा, ते येतं. पैसे कुणी कुणाला मागत नाही. आणि हिशेब चुकवणारा माणूस तिथं फार काळ टिकत नाही. मागणं ही त्यांच्या दृष्टीनं शरमेची गोष्ट होती.

दुकान वाचवलं चाचींनी. ही बाजू कुठल्याच योजनेत दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. नवरा सतरा वर्षं सीमेवर असताना तलाठ्याकडून उतारा काढणं, सोसायटीचं कर्ज फिरवणं, भावकीच्या बांधाचं भांडण, मुलांच्या शाळा, सगळं त्यांनी निभावलं होतं. सातवी शिकलेली बाई. बाजार त्यांना ठाऊक होता, चाचांना नव्हता. त्यांनी लाल वही घातली. निम्मे पैसे आधी, मग मोटार उघडायची. पाहुणा असो की पाटील, नियम एकच. कारखान्याची बिलं निघायच्या आठवड्यात त्या बुरखा घालून एसटीनं गावोगाव जायच्या आणि दारात उभ्या राहून म्हणायच्या, "भाऊ, मोटार चालतीय न्हवं? मग वहीतलं नाव काढून टाका माझं." दुकान अठ्ठावीस वर्षं चाललं. आणि हे खरं, की त्या अठ्ठावीस वर्षांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणारी पेन्शन थांबली नाही. ज्या वर्षी पाऊस जास्त झाला आणि मोटारी जळल्याच नाहीत, त्या वर्षी चूल तिच्यावर पेटली. चाचांचा चंदा तोच होता.

तो आता संपणार आहे, निदान फार मोठ्या संख्येसाठी. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयाची मुलं चार वर्षांसाठी घ्यायची, त्यातली जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम ठेवायची. बाकीचे घरी. पहिल्या वर्षी ३० हजार पगार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के दर महिन्याला कापून ठेवायचे, तेवढेच सरकारनं घालायचे आणि शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणात दाखल झाल्या. म्हणजे २०२६-२७ पासून दर वर्षी बावीस-पंचवीस वयाची हजारो मुलं अशी रक्कम घेऊन गावोगाव उतरणार.

योजना चांगली की वाईट यावर माणसं पुष्कळ भांडली आहेत. मला तिच्यात जुनी असामी दिसते. स्वतःच्या पगारातून साठवलेली, परत जाताना मिळणारी एकरकमी पुंजी. १९२१ नंतर पहिल्यांदाच साध्या शिपायाच्या हातात इतक्या कमी वयात घोड्याचा पैसा येतो आहे. या अर्थानं हा पोरगा शिलेदार आहे, त्याच्या बापाला आणि आजाला तसं होता आलं नव्हतं. पण असामीच्या शेजारी चंदा होता, तो इथं कुठं आहे? पहिला घोडा मेला तर दुसरा देणारं कोण? सैनिक कल्याण कार्यालयांनी एवढं तरी करावं. प्रत्येकाच्या रकमेतला थोडा भाग एका सामाईक निधीत ठेवावा आणि ज्याचा पहिला धंदा बुडेल त्याला त्यातून एकदा उभं करावं. कर्जाचे मेळावे भरवण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं होईल.

आमच्या गल्लीतला एक मुलगा अग्निवीर आहे. मागच्या सुट्टीत आला तेव्हा माझ्याकडे बसला होता. फॉर्म, अर्ज, करारनामे लिहून द्यायला गल्लीत मी आहे. कवीचा तेवढा तरी उपयोग लोकांना होतो. त्याच्या अकरा लाखांना आत्ताच वाटेकरी झालेत. आईला घरावर स्लॅब टाकायचा आहे, बापाला सोसायटी फेडायची आहे, बहिणीचं लग्न आहे. त्याच्या डोक्यात मात्र ऊस तोडायचं यंत्र आहे. ते एकट्याच्या आवाक्यातलं नाही, म्हणून त्याच्या बराकीतली पाच पोरं मिळून, थोडं कर्ज काढून घ्यायचं म्हणतात. एक यंत्र चालवेल, एक दुरुस्ती बघेल, एक हिशेब. यंत्र बंद पडलं तर म्हणून दर महिन्याला प्रत्येकानं काय बाजूला टाकायचं, हेही त्यांनी आपसात ठरवलंय. चंदा हा शब्द त्याला ठाऊक होता, मी सांगितला तो इतिहास नव्हता.

भागीदारीचा कागद त्यानं माझ्याकडून लिहून घेतला. अटी सगळ्या घातल्या आहेत. नावांची जागा कोरी ठेवली आहे, कारण पाचांतला कोण त्या पंचवीस टक्क्यांत फौजेतच राहील आणि कोण बाहेर येईल, हे त्यांना चार वर्षं संपल्यावरच कळणार आहे.